जुनी जीप घरी उभी करताना : साटा एक, नोंद एक

दोन मोडक्या वस्तूंतून एक धड वस्तू उभी करण्याची विद्या शेतकऱ्यास कोणी नव्याने शिकवावयास नको. एका बैलगाडीचा साटा मोडला आणि दुसरीची चाके गेली, तर पहिलीची चाके दुसरीच्या साट्याखाली घालून एक चालती गाडी करणे हा आपल्याकडील पिढीजात व्यवहार आहे. त्यात लाज नाही, उलट शहाणपण आहे. मात्र बैलगाडीची गोष्ट गावच्या सुताराच्या अंगणात संपते आणि मोटारीची गोष्ट सरकारी दप्तरापर्यंत जाते. हा भेद ध्यानात न घेता अलीकडे गावोगाव जुन्या जीपा फोडून त्यांतून एक जीप उभी करण्याची जी चाल पडली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले.

आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हे. सुमारे तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली, एवढाच आमचा अधिकार. तथापि त्या नोकरीत जीप नामक वाहनाशी आमचा निकट संबंध आला. साहेबांच्या फिरतीची जीप, पुढे तीच निर्लेखित होऊन कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली गंजत उभी राहिलेली जीप आणि अखेर जाहीर लिलावात कोणी हौशी बागाईतदाराने उचललेली जीप, अशा तिच्या तिन्ही अवस्था आम्ही पाहिल्या आहेत. लिलावाच्या दिवशी बोली लावणारे लोक इंजिन पाहत, टायर पाहत, पत्रा ठोकून पाहत. कागद पाहणारा विरळाच. ज्या खात्यात सातबाऱ्यावरील एका अक्षराने मनुष्याचे घर उभे राहते किंवा बसते, त्या खात्यात आयुष्य घालविल्यामुळे ही गोष्ट आम्हांस नेहमीच खटकत आली.

प्रथम हे स्पष्ट सांगतो की जुनी जीप घरी उभी करण्यास आमचा विरोध नाही. हे वाहन मुळात शेतकऱ्यास परके नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी निघालेली विलिस जीप १९४५ साली मुलकी रूपात बाजारात आली, तेव्हा तिच्या कारखानदारांनी ती शेतीचे वाहन म्हणूनच पुढे मांडली. मागे अवजार जोडण्याची सोय आणि इंजिनाच्या शक्तीवर यंत्र फिरविण्याची सोय अशा दोन्ही सोयी तीत करून मिळत. १९४७ साली मुंबईत ह्या जीपांची जुळणी सुरू झाली. ज्या पेढीने ती सुरू केली ती १९४५ साली महिंद्र आणि महंमद ह्या नावाने निघाली होती व १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. घाटातील पायवाटा, कोकणातील जांभ्याच्या चढणी आणि पावसाळ्यातील काळ्या रानाचा चिखल ह्यांत चारही चाकांनी ओढणारी गाडी काय काम देते, हे अनुभवी माणसास सांगणे नलगे.

फोडलेल्या गाडीच्या भागांवर नवी गाडी उभी राहते ह्याचा सर्वांत ठळक दाखला विलायतेतील आहे. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स ह्यांच्या अँगलसी बेटावरील शेतावर सैन्यातून निघालेली एक जीप होती. ती थकली तर तिच्या जागी काय घ्यावे ह्या प्रश्नातून १९४७ साली पहिला नमुना तयार झाला, आणि तो जीपच्याच साट्यावर, जीपचेच धुरे वापरून व रोव्हर मोटारीचे इंजिन बसवून केलेला होता. पुढे ३० एप्रिल १९४८ रोजी अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर ह्या नावाने जी गाडी जगापुढे आली, तिचा वंश असा शेतावरच्या जुळणीतून निघाला आहे. परंतु ही जुळणी नमुन्यापुरतीच होती. विक्रीस निघालेल्या गाडीस कारखान्याने स्वतःचा साटा दिला, हे विसरू नये.

आता मुद्द्याकडे वळू. घरी जीप उभी करावयाची म्हणजे सामान्यतः दोन गाड्या लागतात. एक उभी करावयाची आणि दुसरी फोडावयाची. ह्यांपैकी कोणती उभी करावी व कोणती फोडावी, हा निर्णय बहुतेक लोक इंजिनावरून करतात. ज्या गाडीचे इंजिन गोड वाजते ती ठेवावयाची, असा त्यांचा सरधोपट हिशेब असतो. आमच्या मते हा हिशेब उलटा आहे. इंजिन काढता येते, उघडता येते, पुन्हा बसविता येते. साटा, ज्यास मिस्त्री लोक चासी म्हणतात, तोच गाडीचा खरा देह होय. साट्यावर ठोकलेला क्रमांक हा गाडीचा गट नंबर आणि नोंदणीपुस्तक हा तिचा सातबारा समजावा. जिचा साटा सरळ आहे, क्रमांक स्वच्छ वाचता येतो आणि पुस्तक विकणाऱ्याच्याच नावावर आहे, तीच गाडी उभी करावी, मग तिचे इंजिन जाम का असेना. जिचे कागद संशयास्पद आहेत ती कितीही चकाकत असली तरी सोडून द्यावी. बाजारात तर मेलेल्या म्हशीला मणभर दूध असे सांगणारे पुष्कळ भेटतात.

साटा सरळ आहे की नाही हे पाहण्यास मोठे यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करून, पाटे ज्या बोल्टांवर टांगलेले असतात त्या चार ठिकाणांहून ओळंबा सोडावा आणि जमिनीवर खडूने खुणा कराव्या. गाडी बाजूस सारून समोरासमोरची अंतरे आणि दोन्ही कर्ण मापावे. कर्ण सारखे भरले तर साटा चौकोनात आहे. त्यांत ठळक फरक आला तर गाडी कधीतरी आपटलेली आहे असे समजून पुढे जावे की नाही हा विचार करावा. शेताची मोजणी ज्याने पाहिली आहे त्यास ही रीत अवघड वाटणार नाही.

फोडावयाच्या गाडीतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, ह्याविषयी आमच्या ओळखीच्या एका वृद्ध फिटरचा साधा नियम आम्हांस पटला आहे. लोखंड घ्यावे, रबर घेऊ नये. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, धुऱ्यांची हाऊजिंगे, पाटे, चाकांच्या पाळ्या ही तपासून घेण्याजोगी. ब्रेकचे कप, ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या ही नवीच घ्यावी. जुन्या जीपेत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर एकाच मार्गाने चालतात. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी होतात आणि पायाखालचा दांडा नुसता खाली जातो. भरल्या गाडीने घाट उतरताना ह्याचा अर्थ काय, तो वाचकांनी मनाशी समजून घ्यावा. ब्रेकमध्ये इंजिनाचे तेल किंवा दुसरे खनिज तेल चुकूनही घालू नये, कारण त्याने आतील रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. सुकाणूचे सांधे ढिले असतील तर तेही नवे घ्यावे. काटकसर करावयाची ती पत्र्यात व रंगात करावी, थांबण्यात व वळण्यात करू नये.

दुसरी गोष्ट धुऱ्यांच्या जोडीची. फोडलेल्या गाडीचा मागचा धुरा आपल्या गाडीस बसविला आणि पुढचा जुनाच ठेवला, म्हणजे काम झाले असे नव्हे. दोन्ही धुऱ्यांतील क्राउन-पिनियनचे प्रमाण एकच असले पाहिजे. जीपच्या घराण्यात ४३ व ८ दात्यांची जोडी आढळते, तशीच ३९ व ८ दात्यांचीही आढळते. पहिलीत चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्ट पाच फेरे व वर तीन अष्टमांश फिरतो, दुसरीत चार फेरे व वर सात अष्टमांश. अशा दोन विजोड धुऱ्यांची गाडी चार चाकांच्या ओढीत टाकली की पुढची चाके एका चालीने आणि मागची दुसऱ्या चालीने ओढू लागतात. एका जुवाखाली तट्टू आणि बैल जुंपल्यासारखा हा प्रकार होय. टायर घासतात, आणि शेवटी ट्रान्स्फर केस किंवा शाफ्ट मोडतो.

हे प्रमाण धुरा न उघडताही ओळखता येते. गाडीची बाकीची चाके दगड लावून अडवावी, गिअर मोकळा ठेवावा आणि त्या धुऱ्याचे एकच चाक जॅकवर उचलावे. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टवर केलेली खडूची खूण किती फेरे फिरली ते दुसऱ्याने मोजावे. जो आकडा येईल तेच प्रमाण. पुढच्या व मागच्या धुऱ्याचे आकडे जुळले तरच सौदा करावा. आणि प्रमाण जुळले तरीही कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची ओढ लावू नये. ती चिखलासाठी व चढासाठी आहे.

घरच्या अंगणात काम करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी सांभाळाव्या. गाडीखाली शिरावयाचे असल्यास केवळ जॅकवर किंवा विटांच्या थरावर भरवसा ठेवू नये. लोखंडी घोडे किंवा भक्कम लाकडी ओंडके द्यावे. इंजिन उचलण्यास गोठ्याच्या वाशास चेन ब्लॉक टांगणे म्हणजे इंजिन व गोठा दोन्ही गमावण्याची तयारी होय. लोखंडी नळांची तिकाटी भाड्याने मिळते, ती आणावी. पेट्रोलची रिकामी टाकी वरून कोरडी दिसली तरी आत वाफ असते, ती तशीच जोडकामास दिल्यास स्फोट होतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घरातील मुले अशा कामाभोवती हटकून जमतात, म्हणून हे सर्व विस्ताराने लिहिले.

येथपर्यंत मिस्त्रीचे काम झाले. आता कारकुनाचे. मोटार वाहन कायदा १९८८ ह्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपुस्तकातील तपशील आणि कारखानदाराने मूळ ठरविलेला तपशील ह्यांत फरक पडेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ह्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. ह्याचा व्यवहारातील अर्थ इतकाच की, झिजलेल्या भागाच्या जागी त्याच जातीचा भाग घालणे ही दुरुस्ती होय. साटा कापून लांब करणे किंवा पेट्रोलच्या गाडीत डिझेलचे इंजिन बसविणे ही दुरुस्ती नव्हे. इंजिन त्याच जातीचे घातले तरी त्याचा क्रमांक निराळा असतो. तेव्हा काम करण्यापूर्वी परिवहन कचेरीत विचारावे आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांच्या आत पुस्तकासह कळवून नोंद करून घ्यावी. जमिनीचा फेरफार पडल्याखेरीज खरेदीदार निश्चिंत झोपत नाही, तसेच हे आहे.

इंजिनाच्या जातीविषयी विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. महिंद्रच्या जीपांत फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या घराण्यातील एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन पुष्कळ वर्षे आले. नावातील चार म्हणजे चार सिलिंडर आणि नव्वद म्हणजे सिलिंडरचा ९० मिलिमीटर व्यास. हेड उघडून माप घेतल्यास खरे-खोटे तत्काळ कळते. त्याचप्रमाणे इंजिनावरील क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. बिल न देणाऱ्याकडून इंजिन घेणे म्हणजे चोरीचा बैल विनादाखला घेण्यासारखे आहे.

फोडलेल्या गाडीचाही अंत्यविधी व्हावा लागतो, हे तर फारच थोड्यांस ठाऊक आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, म्हणजे तिच्या मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून पुस्तक परत करावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी, असे त्याच कायद्याचे ५५ वे कलम सांगते. २०२१ पासून वाहने मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांचे नियमही आले आहेत. मृताच्या नावावर सातबारा राहिला तर पुढच्या पिढीत तंटे कसे लागतात, हे आम्ही कचेरीत उभा जन्म पाहिले. फोडलेल्या गाडीचे पुस्तक भंगारवाल्याच्या पेटीत जिवंत राहिले तर त्याहून वाईट होते. ते पुस्तक एखाद्या चोरीच्या गाडीस चिकटते, आणि गुन्हा घडल्यावर पोलीस ज्याचे नाव पुस्तकावर आहे त्या गरीब शेतकऱ्याच्या दारी येतात.

कोणी म्हणेल, शेतावर फिरणाऱ्या गाडीस इतके सोपस्कार कशाला? परंतु गाडी शेतावर राहत नाही. ती बाजारास जाते, लग्नास जाते, अडल्या बाळंतिणीस घेऊन दवाखान्यात जाते. अशा वेळी रस्त्यात कोणाचा हातपाय मोडला किंवा जीव गेला, तर विमा कंपनीचा माणूस प्रथम साट्याचा व इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहतो. तो जुळला नाही तर त्यास हात झटकण्यास जागा मिळते, आणि नुकसानभरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर, म्हणजे अखेर त्याच्या जमिनीवर, येऊन बसतो. हौसेपायी वडिलार्जित रान गहाण पडावे, इतकी कोणतीही जीप मोलाची नाही. वडाप करून माणसे वाहण्यासाठी अशी गाडी उभी करण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये.

तथापि सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. किती भाग बदलले म्हणजे गाडी तीच राहते आणि किती बदलले म्हणजे ती निराळी होते, हे सामान्य माणसास समजेल अशा भाषेत आपल्याकडे कोणी सांगत नाही. २०२१ साली पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी निघाली, पण ती साटा, सांगाडा व इंजिन मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाही. कामाच्या जीपेस तिचा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये मात्र अनेक वर्षे एक साधी गुणांची पद्धत वापरली गेली. मूळ साट्यास ५ गुण, पाट्यांसह झोक्यांस २, दोन्ही धुऱ्यांस २, गिअरबॉक्स आदी संचास २, सुकाणूस २ आणि इंजिनास अवघा १. मूळ गाडीचे निदान ८ गुण भरले तर जुना क्रमांक राहावयाचा. दुसऱ्या गाडीचा जुना साटा घातला किंवा साट्यात फेरबदल केला, तर गाडीची नव्याने तपासणी होऊन निराळा क्रमांक मिळावयाचा. इंजिनास एक आणि साट्यास पाच, हे प्रमाण आमच्या वरील म्हणण्यास पुष्टीच देते. असे कोष्टक आपल्या परिवहन खात्याने मराठीत छापून काढले, तर शेतकऱ्यास काय करावे व काय करू नये हे एका पानात कळेल, आणि चोरवाटेने होणारी निम्मी कामे राजमार्गाने होतील.

शेवटी हिशेबाविषयी. जीप उभी करण्याचा खर्च दोन गाड्यांच्या किमतीत संपत नाही. लेथकाम, बेअरिंगे, क्लच प्लेट, टायर, बॅटरी, विमा, धुराची तपासणी आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावयाचे नोंदणीचे नूतनीकरण ही सर्व कलमे वहीत आधी मांडावी. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढलेले आहे, हेही ध्यानात असावे. ज्यास केवळ माल बाजारात न्यावयाचा आहे, त्याने हा उद्योग करू नये. त्याचे काम मालवाहू गाडीने स्वस्तात होईल. ज्याचा रस्ता खरोखर बिकट आहे, ज्याच्या घरात एखादा मुलगा हातात पाना धरून दोन हंगाम काढण्यास तयार आहे आणि ज्यास सरळ साट्याची, स्वच्छ कागदांची गाडी मिळाली आहे, त्याने अवश्य करावा. तसा मुलगा त्या दोन हंगामांत जे शिकेल ते पुढे पंप, मळणीयंत्र व ट्रॅक्टर ह्या सर्वांस उपयोगी पडेल, हा लाभ वहीत मांडता येत नसला तरी खरा आहे.

आपल्या संघास आमची दोन विनंत्या आहेत. वर सांगितलेल्या कोष्टकाची मागणी करणारा ठराव येत्या सभेत करून तो परिवहन खात्याकडे धाडावा. आणि वर्षातून एकदा, सुगी आटोपल्यावर, तालुक्याच्या गावी मोटार वाहन निरीक्षकांस बोलावून एक दिवसाचे शिबीर भरवावे, म्हणजे ज्यांच्या अंगणात अशा जीपा अर्ध्या उभ्या आहेत त्यांस काम पुरे होण्यापूर्वीच सल्ला मिळेल. काम पुरे झाल्यावर मिळालेला सल्ला बहुधा दंडाच्या पावतीवर लिहिलेला असतो.